अल्बममधली आई

शनिवार, ७ जुलै २००७

वूहानला पोचलो. अमेरिकेतल्या डुलुथच्या घरातून निघून सव्वीस तास. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तर कोणीतरी तोंडावर गरम ओला टॉवेल दाबल्यासारखं. सगळ्यांच्या चष्म्यांवर वाफ. बाबा म्हणाले, असू दे. बाबा सगळ्यालाच असू दे म्हणतात.

ठराव केले.
एक, मी न्यूट्रल. आईबाबांना चीनमधून मुलगी दत्तक घ्यायचीय, घेऊ देत. मी नुसता सोबत. मला आणलं कारण पंधरा वर्षांच्या मुलाला दोन आठवडे एकटं ठेवलं तर परत गेल्यावर घर दिसणार नाही, असं आजी म्हणाली. आजी म्हणजे बाबांची आई, आर्डिस. एकाहत्तर वर्षांची. गुडघे गेलेत, जीभ शाबूत.
दोन, खोड्या बंद. आजपासून.
तीन, जे घडेल ते लिहायचं. मनाला वगैरे लावून घ्यायचं नाही.

आईकडे एजन्सीची जाड फाइल आहे. तिच्यातला एक नियम तिने विमानात आम्हाला तीनदा वाचून दाखवला. पहिले सहा आठवडे मुलीला भरवायचं, उचलायचं, डोळे पुसायचे, ते फक्त आईबाबांनी. बाकीच्यांनी लांबून हसायचं. नाहीतर मुलीला आपली आई कोण हे कळत नाही. आजी म्हणाली, लांबूनच हसायचं होतं तर मी डुलुथहून हसले असते.

मला नियम एकदम पटला. मला काही कामच नाही.

रविवार, ८ जुलै

पिवळ्या करकोच्याचा मनोरा पाहिला. उंच आहे. आत जिने आहेत. आजी खाली बसली.

आमची गाइड मिस पंग. सव्वीस वर्षांची, हातात कायम छत्री, पाऊस असो नसो. मुलगी उद्या मिळेपर्यंत आणि मग तिचा पासपोर्ट तयार होईपर्यंत आम्हाला फिरवत ठेवणं हे तिचं काम. ती म्हणाली, घाबरू नका, अल्बममुळे मुलं लगेच ओळखतात. आईचे डोळे भरून आले. मी मनोऱ्याकडे बघितलं.

अल्बमचं एकदाच लिहून टाकतो म्हणजे डोकं मोकळं.

फेब्रुवारीत आईने तीन संध्याकाळी बसून मुलीसाठी अल्बम केला. आमचे सगळ्यांचे फोटो, प्रत्येकाखाली चिनी अक्षरांचं स्टिकर. आई, बाबा, दादा, आजी, कुत्रा, घर. असे अल्बम अनाथाश्रमात आधी पाठवतात. तिथल्या मावश्या पोरांना रोज दाखवतात, ही बघ तुझी आई, हे बघ तुझे बाबा. पोस्टात टाकायला आईने माझ्याकडे दिला. त्या आठवड्यात मला घराबाहेर बंदी होती, फक्त पोस्टापुरती सूट. (शाळेतल्या माशांच्या टाकीत जेली. मासे वाचले.) कंटाळा आला होता. मी माझा फोटो काढून दुसरा घातला. आईचा गुलाबी गाऊन, डोक्याला टॉवेल, तोंडाला पांढरा फेसपॅक, आत मी. त्याखाली 'आई'चं स्टिकर लावलं. आईच्या फोटोखाली 'आजी'. कुत्र्याखाली 'दादा'. आजीखाली 'घर', कारण ती फोटोत मावत नव्हती. घराखाली 'कुत्रा'. बाबांना हात लावला नाही. बाबांचं काय बदलणार.

एवढंच. मावश्यांना डोळे असतात. बघताक्षणी कळलं असणार की थट्टा आहे. नाहीतर अल्बम पोचलाच नसेल. पोस्टाचा काय भरवसा?

विषय संपला.

सोमवार, ९ जुलै. दुपारी ४

अल्बम पोचला होता.

सरकारी ऑफिस, दुसरा मजला. आमच्यासारखी सहा कुटुंबं, एक पंखा. मावशी एका मुलीला हाताला धरून घेऊन आली. साडेचार वर्षांची. नाव शाओमान. आई तिचं नाव ग्रेटा ठेवणार आहे. एवढ्या उन्हात अंगात दोन स्वेटर. काखेत अल्बम.

आई गुडघ्यांवर बसली, हात पसरले, फाइलमध्ये दाखवलंय तसे. ग्रेटाने आईकडे नीट बघितलं. अल्बम उघडला. पुन्हा आईकडे बघितलं. अल्बम मिटला, आईला वळसा घालून चालत आली आणि माझा शर्ट धरला. एक शब्द म्हणाली.

खोलीतले सगळे चिनी लोक हसले. एका साहेबाचा चहा सांडला. मिस पंग म्हणाली, याला आई म्हणतेय. होतं असं, मुलं गोंधळतात.

आईसुद्धा हसली. हात पसरलेलेच होते. खाली घ्यायला तिला थोडा वेळ लागला.

योगायोग. माझे केस वाढलेत, त्यामुळे असेल.

गडबडीत अल्बम माझ्या बॅगेत टाकला. मिस पंगला चिनी वाचता येतं. पुरावा गेला म्हणजे प्रश्न गेला.

मंगळवार, १० जुलै

पुन्हा ते ऑफिस. नियम असा की मुलगी एक दिवस सांभाळायची, मग सह्या. साहेबाने आईला विचारलं, या मुलीबद्दल तुमचं समाधान आहे का? तिला कधी टाकणार नाही ना?

ग्रेटा तेव्हा माझ्या पट्ट्याला लटकून मागे उभी होती. सकाळी बाबांनी उचलायचा प्रयत्न केला तेव्हा ती त्यांना चावली होती. बाबा म्हणाले होते, असू दे.

आई म्हणाली, समाधान आहे. साहेबाने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग शिक्का मारला. सगळ्यांचे अंगठे लाल शाईत. ग्रेटाचा अख्खा पंजा. कागदावर एक उठवला आणि दुसरा माझ्या शर्टावर.

काही खात नाही. आई चमचा नेते, ती ओठ मिटते. दिवसभर खोलीत काहीतरी शोधतेय. पलंगाखाली, पडद्यामागे, कचऱ्याच्या डब्यात. आई म्हणाली, बिचारी, काय शोधतेय कोण जाणे.

मला काय माहीत?

बुधवार, ११ जुलै

पूर्व सरोवर पाहिलं. पाणी आहे. बोटी आहेत. बोटीत बसलो. उतरलो.

मिस पंग म्हणाली, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर सलाइन लावावं लागेल. आई फाइल उघडून बसली. कुठलं पान उघडलंय ते तिलाही माहीत नसावं. सरोवराकाठच्या हॉटेलात सगळ्यांनी जेवायचं नाटक केलं.

मी मोमोचा डबा घेऊन टॉयलेटला गेलो. ग्रेटा मागे आली. अकरा खाल्ले. मी मोजले.

नियम मोडला नाही. मी भरवलं नाही. मी डबा धरला, ती जेवली.

बाहेर आलो तर आईने चमचा पुढे केला. ग्रेटाने मोठ्ठी ढेकर दिली. आईने घाबरून मिस पंगला विचारलं, पोटात काही नसताना ढेकर कशी? मिस पंग म्हणाली, रिकाम्या पोटात गॅस होतो. आजी माझ्या हनुवटीकडे बघत होती. तिथे सोया सॉस होता.

आणखी एक. ग्रेटा आईलाही हाक मारते. आईने मिस पंगला अर्थ विचारला. मिस पंगने छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, मोठ्या बायकांना मान देऊन तसं म्हणतात. आईचा चेहरा उजळला. म्हणाली, मान देतेय म्हणजे सुरुवात झाली.

त्या शब्दाचा अर्थ काय असेल याचा मला अंदाज आहे. अंदाज चूकही असू शकतो.

गुरुवार, १२ जुलै. सकाळी ११

प्लॅन सापडला. स्टिकर मी चुकीचे लावले, तेव्हा स्टिकर बरोबर लावायचे. इतकं सोपं, आणि मी तीन दिवस घालवले.

बाथरूममध्ये हेअर ड्रायरने पाचही स्टिकर सोडवले. कुठलं कुठलं ते विसरलो होतो. खाली नाश्त्याच्या हॉलमध्ये नूडल्स वाढणारी ताई आहे, तिला दाखवले. तिने एकेक घेऊन अभिनय केला. पोट पुढे काढून आई. पाठीतून वाकून आजी. चार पायांवर कुत्रा. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अल्बममधला माझा फोटो बघून तिने विचारलं, ही कोण? मी म्हटलं, कोणी नाही.

वर जाऊन सगळे स्टिकर जागेवर लावले. टॉवेलवाला फोटो राहू दिला, दुसरा कुठून आणू. सोफ्याच्या मागून अल्बम 'सापडला'. बाबा म्हणाले, शाब्बास. मिस पंगने चाळला आणि म्हणाली, वा, किती व्यवस्थित लावलंय सगळं.

ग्रेटाने तो छातीशी धरला आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मी वाट बघतोय. आता कुठल्याही क्षणी.

दुपारी १

तिने अल्बम उघडला. टॉवेलवाल्या फोटोवर बोट ठेवलं. म्हणाली, आई. माझ्याकडे बोट केलं. आई.

साडेचार वर्षांची आहे. तिला वाचता येत नाही. मावश्यांनी वाचून सांगितलं होतं, पाच महिने, रोज.

हे मी धरलं नव्हतं.

शुक्रवार, १३ जुलै

म्युझियम पाहिलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या काशाच्या घंटा. एका माणसाने वाजवून दाखवल्या. वाजतात.

आई आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. खोलीचा पडदा ओढलेला होता, टीव्ही चालू, चिनी बातम्या. ती बघत होती. तिला चिनी येत नाही.

घंटांसमोर आजी म्हणाली, तुझी आई चार वर्षं कागद गोळा करत होती या मुलीसाठी. बोटांचे ठसे तीनदा दिले, पहिल्या दोन वेळची मुदत संपली म्हणून. मी म्हटलं, माहितीय. आजी म्हणाली, माहीत असणं तुझ्या तोंडावर दिसत नाही, तिथे सॉस दिसतो.

पायाला मुंग्या येऊन पाय बधिर होतो ना, तसं झालंय काहीतरी. पाय ठीक आहेत.

शनिवार, १४ जुलै

नवा प्लॅन, पक्का. ग्रेटाला मी नकोसा झालो पाहिजे. मी वाईट वागायचं, ती रडत आईकडे जाणार. माणसांना नकोसं व्हायचं हे मला जमतंच. शाळेतल्या पाच बाई साक्षीला आहेत.

दाराआडून भॉक केलं. हसली.
पापण्या उलट्या करून दाखवल्या. तिने करून दाखवल्या, माझ्यापेक्षा चांगल्या.
चपलेत दही घातलं. तिने माझ्या दोन्ही बुटांत घातलं, आणि खिशातही. कधी, ते कळलं नाही.

मग जमिनीवर लोळून इतकी हसली की उचकी लागली. या मुलीला हसताना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. बाबा कॅमेरा घेऊन धावत आले.

आईही आली होती, दारापर्यंत. जरा वेळ उभी राहिली. मग दार लावून घेतलं, हळू, आवाज न करता.

प्लॅन चांगला होता. मुलीतच काहीतरी गडबड आहे.

रविवार, १५ जुलै

शेवटचा उपाय. फोटोतली आई म्हणजे गाऊन, टॉवेल, पांढरं तोंड. मग आईलाच फोटोतली करायची.

आईला म्हटलं, तू दमलीयेस, फेसपॅक लाव, मी आणलाय. तिने विचारलं, तू? फेसपॅक? मी म्हटलं, चीनमध्ये सगळे लावतात. तिला वाद घालायचं त्राण नव्हतं. लावला. हॉटेलचा गाऊन घातला. टॉवेल मी स्वतः गुंडाळला, फोटोतल्यासारखा, डावीकडे टोक.

ग्रेटाला आत आणलं. तिने बघितलं. जवळ गेली. अगदी जवळ. आईने श्वास रोखला असणार, कारण मी रोखला होता.

ग्रेटा स्टुलावर चढली, आईच्या डोक्यावरचा टॉवेल सोडवला, दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आणला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मग समाधानाने मान हलवली.

आईने आरशात माझ्याकडे बघितलं. तोंड पांढरं, त्यामुळे चेहरा कळेना. विचारलं, टॅनर, टॉवेलच का? मी म्हटलं, असंच. तिने बराच वेळ तोंड धुतलं.

सोमवार, १६ जुलै

ग्रेटाचा पासपोर्ट आला. विमानाने ग्वांगझूला निघालो, अमेरिकन व्हिसा तिथे मिळतो. आई खिडकीशी, मध्ये बाबा, मग मी, मांडीवर ग्रेटा. आकाश पाहिलं.

मंगळवार, १७ जुलै

अमेरिकन व्हिसासाठी डॉक्टरी तपासणी. नर्सने आईला सांगितलं, मुलीला धरा, सुई टोचायचीय. आईने धरलं. ग्रेटाने असं काही किंचाळून माझ्याकडे हात पसरले की बाहेरच्या रांगेतली सगळी मुलं रडायला लागली. नर्स वैतागून म्हणाली, हिला ज्याची सवय आहे त्याने धरा.

आईने तिला माझ्याकडे दिलं. देताना आईचे हात गार होते. ग्वांगझूत गार काहीच नाही.

मग नदीतलं एक बेट पाहिलं. पुतळे आहेत. सगळ्या कुटुंबांच्या मुलींना रेशमी झगे घालून हॉटेलच्या लाल सोफ्यावर ओळीने बसवतात आणि फोटो काढतात. पद्धत आहे. अकरा मुली आणि मी. कारण मी उठलो की अकरावी उठत होती. एका बाईने आईला विचारलं, ही किती दिवसांत तुमच्याकडे यायला लागली? आई म्हणाली, मला मान देते.

गुरुवार, १९ जुलै. दुपारी ३

सकाळी वकिलातीत शपथ. साठेक लोक, सगळ्यांचे उजवे हात वर. आम्ही दिलेली सगळी माहिती खरी आहे. ग्रेटानेही हात वर केला, माझाही ओढून वर केला.

कागदांच्या यादीत अल्बम नव्हता. त्यामुळे तसा मी खोट्यात आलो नाही.

तरी आल्यावर आईला सांगितलं. सगळं. गाऊन, टॉवेल, पाच स्टिकर, हेअर ड्रायर, मोमो. आधी मनात भाषण तयार केलं होतं, त्यात फेब्रुवारी, कंटाळा, बंदी अशी कारणं होती. ती निघालीच नाहीत. नुसते स्टिकर निघाले. आई पलंगावर बसून ग्रेटाच्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. मी ओरडा खायला तयार होतो. खरं म्हणजे वाट बघत होतो.

ती ओरडली नाही. एक जोडी लावली. दुसरी लावली. मग विचारलं, म्हणजे ती मला काय म्हणते?

मी म्हटलं, आजी.

आई म्हणाली, मान नव्हता तर.

मी म्हटलं, आजीला मानच देतात. ते चुकीचं निघालं तोंडातून. आईने तिसरी जोडी लावली. बाबा दारात होते. बाबा असू दे म्हणाले नाहीत.

आता मला शिक्षा काय, असं विचारलं. आई म्हणाली, ती हाक मारेल तेव्हा जायचं. रात्री, शाळेतून, कुठूनही. ती आपण होऊन थांबेपर्यंत. मी म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, एवढंच.

स्वस्तात सुटलो. दोन आठवड्यांत विसरेल पोरगी.

संध्याकाळी ६

जेवायला खाली बसलो होतो. ग्रेटाच्या हातात संत्रं, सोलता येत नव्हतं. मला दिलं. मी टेबलावर ठेवलं आणि हात पाठीमागे घेतले. तिने सगळ्यांकडे बघितलं. मग आईकडे बघून म्हणाली, आजी.

आई म्हणाली, ओ.

इतके दिवस तिने या हाकेला मान हलवली होती, हसली होती. ओ दिली नव्हती.

ग्रेटा जरा थांबली. संत्रं उचलून आईला दिलं. आईने सोललं. सगळे धागे काढले, एक न् एक, फार वेळ लावून. फोड पुढे केली. ग्रेटाने खाल्ली. मग दुसरी. बाबांनी कॅमेरा काढला आणि तसाच खाली ठेवला.

मग आर्डिस आजी म्हणाली, ही आजी झाली तर मग मी कोण? मला सांगावंच लागलं. घर. आजीने विचार केला. म्हणाली, डागडुजीला आलंय खरं.

आई हसली. हसता हसता नॅपकिन तोंडावर धरला आणि बराच वेळ काढलाच नाही. ग्रेटाने नॅपकिनच्या खालून एक फोड आत सरकवली.

शुक्रवार, २० जुलै. विमानात

घरी चाललो. तेरा तासांची फ्लाइट, पाच झाले.

सगळं माझ्या प्लॅनप्रमाणेच झालं म्हणायला हरकत नाही. ग्रेटा आईच्या मांडीवर झोपली, दोन तास. आईचा हात बधिर झाला तरी तिने हलवला नाही. आता आईच झोपलीय, तोंड उघडं. ग्रेटा उठलीय. तिने आईच्या अंगावर चादर ओढली, कानापर्यंत. आजीला थंडी वाजते म्हणून ओढतात, तशी.

मग माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटले. वही हातात असताना झोपेचं सोंग जमत नाही.

पोटावर हात ठेवून उभी आहे. हाक मारली. पुन्हा मारली, जरा मोठ्याने. पुढच्या तीन रांगांनी मागे वळून बघितलं, आई कुठली म्हणून.

बाबा म्हणाले, तुला बोलावतेय. आजी डोळे न उघडता म्हणाली, उठा आईसाहेब, लेकीला शी आलीय.

पाच तासांत चौथ्यांदा. टॉयलेटला रांग आहे.

जातो.